सोन्याखालचे डोळे

मी एक जुनी होडी आहे, मित्रांनो, आणि आजपर्यंत माझ्या बुडाला पाण्याचा थेंबसुद्धा लागलेला नाही. हसू नका. नदी माझ्या खिडकीखालून वाहते. मासेमारी बोटींचे भोंगे मला दिवसभर ऐकू येतात. आणि मी मात्र शाळेच्या मुख्याध्यापकांच्या खोलीत, काचेच्या कपाटात, चहाच्या ग्लासांच्या वरच्या फळीवर बसून आहे. अंगावर सोनं, पोटात लाल मखमल. पाहुणे मला बघून ‘वा!’ म्हणतात. जळलं मेलं ते वा!

माझं नाव मबरूका, म्हणजे भाग्याची. नाव ठेवणाऱ्या मुलांचा यात काही दोष नाही. त्यांनी ते एका गोष्टीतून उचललं होतं.

आमचं गाव दुमयात. नाईल नदी समुद्राला मिळायच्या जरा अलीकडे लागतं. इथे घरटी एक सुतार नाहीतर पॉलिशवाला. दिवाणखान्याच्या सोनेरी खुर्च्या, सिंहाच्या पंजासारख्या पायांचे सोफे, नवरीचे पलंग, सगळं इथून जातं. गल्लीत शिरलं की आधी भुसा नाकात जातो आणि मग माणसं दिसतात. अशा गावात पाचवीच्या वर्गाला विदाद नावाची एक शिक्षिका आली. मुलं तिला मिस म्हणत. अंगानं काडी, पण आवाज असा की मागच्या बाकावरचा झोपलेला पोरगाही दचकून उठावा.

मिसकडे लहान मुलांची एक कादंबरी होती. तिची स्वतःची, लहानपणापासून जपलेली. बाजारात ती केव्हाच मिळेनाशी झाली होती, म्हणून आख्ख्या वर्गाला मिळून एकच प्रत. मिस आठवड्याला एक प्रकरण मोठ्यानं वाचायची. आणि वाचून झालं की पुस्तक मिटून म्हणायची, “चला, हात बाहेर काढा.”

म्हणजे काय, तर प्रकरणात जे घडलं ते हातानं करून बघायचं. गोष्टीतले आजोबा मातीच्या चुलीत मासे भाजतात, तर मुलांनी शाळेच्या अंगणात चूल थापली, मासे भाजले आणि निम्मे करपवून खाल्ले. गोष्टीत धुकं पडतं, तर मुलांनी डोळ्यांना रुमाल बांधून, एक दोरी धरून सगळं अंगण पार केलं. त्यात दोघं हौदाला धडकले आणि एक चक्क शिपायाच्या मांडीत जाऊन बसला. असा धडा कधी कुणी विसरेल का?

गोष्ट साधी होती. नवारा नावाची मुलगी आजोबांबरोबर सरोवराकाठी राहते. एका सकाळी आजोबा मासे धरायला जातात, धुकं उतरतं आणि ते परत येत नाहीत. मोठी माणसं दोन दिवस शोधतात आणि हात टेकतात. किनाऱ्यावर मबरूका नावाची मोडकी होडी पडलेली असते. नवारा ती फळी फळी करून दुरुस्त करते आणि शेवटून दुसऱ्या प्रकरणात एकटी धुक्यात लोटते. पुढे काय होतं? तेच तर कुणाला ठाऊक नव्हतं. मिसनं शेवटच्या प्रकरणाची पानं सुईदोऱ्यानं शिवून टाकली होती. पिवळा जाड दोरा, उशीचा अभ्रा शिवतात तसा.

“मिस, आजोबा सापडतात का हो?”

“आपली होडी पाण्यात गेली की दोरा कापू. मग कळेल.”

“निदान जिवंत आहेत का, तेवढं तरी सांगा!”

“हाझिम, तू रंधा मार. जीभ नको चालवूस.”

हाझिम म्हणजे वर्गातला बोलभांड पोरगा. त्याच्या काकांच्या कारखान्यातून एका सोनेरी खुर्चीचा नापास झालेला मागचा पाय आला. तो माझा कणा झाला. कुणी सोफ्याच्या पाठीचे उरलेले तुकडे आणले, कुणी खोक्यांच्या पट्ट्या आणल्या. माझ्या फासळ्या त्यांच्याच. फटींत मुलांनी कापसाची सुतळी ठासली आणि वरून मेण ओतलं. शिडाला एका आईनं पिठाची धुतलेली पिशवी दिली. हातभर लांबीची झाले मी. एका बाजूला जरा फुगलेली, नाक किंचित वाकडं. फासळ्यांच्या आतल्या बाजूला प्रत्येकानं खिळ्यानं आपापलं नाव कोरलं.

आणि मग रगद आली. रगद ही उस्ता शफीकची मुलगी. उस्ता म्हणजे कारागिरांतला मोठा माणूस, आणि सोनेरी वर्ख चढवण्यात शफीकचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. रगद फार बोलायची नाही, पण कामाला हात लावला की सोडायची नाही. मला सर्वात जास्त तिनंच घासलं होतं. पॉलिशपेपरनं तिची बोटं सोलली होती. आमच्याकडचे कोळी होडीच्या नाकावर डोळे काढतात, वाट दिसावी म्हणून. माझे डोळे काढायचं काम मुलांनी रगदला दिलं. निळ्या रंगाची बोटं माझ्या नाकावर फिरली. डावा डोळा उजव्यापेक्षा मोठा झाला.

“ही कुणावर तरी डोळे वटारतेय,” हाझिम म्हणाला.

“तुझ्यावरच,” रगद म्हणाली.

मित्रांनो, मला दिसायला लागलं ते त्या क्षणापासून. पहिल्यांदा दिसला तो रगदचा चेहरा, नाकावर निळा डाग असलेला. इतकं सुंदर मी नंतर काही पाहिलं नाही. पाहणार तरी कशी?

आता दुखरी गोष्ट सांगते. मिसचा हा वाचनाचा तास वरच्या लोकांच्या डोळ्यांत खुपत होता. “होड्या करून गणितं सुटतात का?” असं साहेब लोक विचारत. तेवढ्यात जिल्ह्याच्या शाळांचं प्रदर्शन ठरलं. गोष्टीच्या पुस्तकांवरून मुलांनी केलेल्या वस्तू त्यात मांडायच्या होत्या. मिसनं मुलांना स्पष्ट सांगितलं, “मबरूका तिथे पसंत पडली तर आपला तास कायमचा राहील. नाही पडली, तर त्या तासाला गणिताची उजळणी. आणि हो, प्रदर्शनाहून आलो की थेट शाळेच्या घाटावर. होडी पाण्यात, दोरा कापायचा, शेवटचं प्रकरण तिथेच पायरीवर बसून.” मुलांनी इतका आरडाओरडा केला की माझं शीड हललं.

आठवड्याची सुट्टी, म्हणजे आमच्याकडे शुक्रवार-शनिवार, लागायच्या आदल्या दुपारी मुख्याध्यापक नशअत वर्गात डोकावले. मिस आणि मुलं घरी गेली होती. त्यांनी मला उचललं, उलटंपालटं केलं आणि शिपायाला म्हणाले, “हे काय? भंगाराच्या गाडीवरून पडलंय का? दुमयातच्या शाळेतून असलं लाकूड बाहेर गेलं तर माझं नाक कापलं जाईल की नाही? शफीकला बोलवा.”

उस्ता शफीक आला. त्यानं मला दोन्ही हातांत अलगद घेतलं. लेकीचं काम होतं ना. त्यानं माझा फुगीर अंगठ्याएवढा मेणाचा सांधा चाचपला आणि हसला. वाटलं, याला कळलं. कसलं काय!

“पोरीनं केलंय हो,” तो म्हणाला, “पण पांढरं लाकूड! माझ्या मुलीचं काम असं उघडंनागडं चारचौघांत मांडायचं? लोक म्हणतील, शफीकच्या घरातला वर्ख संपला. द्या इकडे, मुख्याध्यापकसाहेब. रविवारी सकाळी घेऊन येतो. पोर बघतच राहील.”

आमच्या गावात पॉलिश न केलेलं लाकूड म्हणजे न्हाऊन तसंच बाहेर आलेलं मूल. ते झाकल्याशिवाय यांच्या जिवाला चैन पडत नाही. शफीकला मी दोष तरी कसा देऊ? शिव्या द्याव्यात इतकं त्यानं माझं वाटोळं केलं, पण प्रत्येक हात प्रेमानं फिरवला. खडूची भुकटी आणि सरस कालवून त्यानं माझ्या अंगावर थर चढवले. एकदा, पुन्हा, पुन्हा. माझा फुगीरपणा गेला, नाक सरळ झालं. डोळ्यांपाशी आल्यावर तो क्षणभर थांबला. “हे निळं काय? मुलं काहीही फासतात,” असं पुटपुटला आणि ब्रश ओढला.

तिथे माझं दिसणं संपलं. पुढचं सगळं मी तुम्हाला ऐकून आणि अंगाला जाणवलं तसं सांगते आहे.

नक्षीवाल्याकडून कोरलेली फुलं आली, ती माझ्या दोन्ही कुशींवर खिळ्यांनी ठोकली. वर सोनेरी वर्ख. सोफ्याचं कापड करणारा शेजारी आला, त्यानं माझ्या पोटात लाल मखमल चिकटवली आणि कडेनं गोंडे लावले. मुलांची नावं मखमलीखाली गेली. आणि शेवटी, मी डुगडुगायला नको म्हणून, जड लाकडाचा पाट आणून माझ्या कण्याला खालून आरपार भोकं पाडली आणि स्क्रूनं मला त्यावर आवळलं. होडीच्या बुडाला भोकं, मित्रांनो! नदीकाठच्या गावात! एकाच्याही डोक्यात आलं नाही. खुर्चीला जे करतात तेच त्यांनी मला केलं.

रविवारी सकाळी शफीक मला फडक्यात गुंडाळून शाळेत घेऊन आला. फडकं काढलं. तशी मुलं ‘ओ!’ करून ओरडली, कारण चकाकतं ते मुलांना आवडतंच. शफीकचा श्वास मला जवळून ऐकू येत होता. वाट बघत होता बिचारा, लेक काय म्हणते म्हणून.

“बाबा,” रगद म्हणाली, “हिचे डोळे कुठे आहेत?”

“अगं, बघ तरी! किती नीट झालीय! डोळ्यांचं काय घेऊन बसलीस?”

“डोळे कुठे आहेत?”

बस, तेवढंच. ती रडली नाही की ओरडली नाही. शफीक फडक्याची घडी घालत राहिला. मिसनं मला उचलायला हात घातला, तर मी पाटावरून सुटेना. तिनं खालून चाचपलं, स्क्रू हाताला लागले, आणि माझ्यावर तिचा हात तसाच राहिला. मग ती एवढंच म्हणाली, “उस्ता, विचारायचं तरी एकदा.” प्रदर्शन त्याच दिवशी होतं. करणार काय?

प्रदर्शनाच्या दालनात आईबापांना सोडत नव्हते, म्हणून शफीक बाहेर राहिला. मुलं मला टेबलावर ठेवून भोवती उभी राहिली. शेजारच्या टेबलांवर काय आहे ते मला हाझिमच्या तोंडून कळलं. “ए, बघा, हा थर्माकोलचा किल्ला आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातला! आणि तो तिकडचाही! चमकी सुद्धा तीच!” ते दुकान वह्या विकायचं आणि मुलांचे प्रकल्पही करून द्यायचं. दुकानदार हुशार होता. मुलांच्या हातचं वाटावं म्हणून एक बुरूज मुद्दाम वाकडा करायचा.

परीक्षकबाई आल्या. माझ्यासमोर थांबल्या. नखानं माझ्या सोन्यावर टकटक केली.

“हे कुणी केलं?”

“आम्ही,” सगळा वर्ग एकदम म्हणाला.

“वर्ख कुणी चढवला?” मुलं चुळबुळली. “तू सांग. हो, तूच. तू गं, मुली.”

“बाबांनी,” रगद म्हणाली. खोटं बोलता येत नव्हतं तिला.

“आणि ही फुलं? मखमल?”

“तीही दुसऱ्यांनी. पण होडी आम्ही केली. आतमध्ये आमची नावं आहेत. मखमलीखाली. फाडून बघा ना!”

“प्रदर्शनातली वस्तू फाडायची? छान शिकवलंय.” बाई हसल्या. “बाळ, खोटं बोललं की असं होतं. मोठ्यांच्या कारखान्यात केलेली वस्तू आणायची आणि वर नावंही सांगायची. तो किल्ला बघ. वाकडातिकडा आहे, पण मुलांनी स्वतः केलाय.”

आणि बक्षीस त्या थर्माकोलच्या किल्ल्याला मिळालं. त्या वाकड्या बुरुजाला! तुम्हाला हसू येतंय का? मला अजून येत नाही.

मग परीक्षकबाईंनी मुख्याध्यापकांना बाजूला घेतलं, पण माझ्यापासून फार लांब नाही. “नशअतसाहेब, हा काय प्रकार?”

“मॅडम, वल्लाही, देवाशप्पथ, मलाही आजच कळतंय,” मुख्याध्यापक म्हणाले. त्यांचा आवाज तुपासारखा गुळगुळीत होता. “शिक्षिकेनं परस्पर कारखान्यात दिली. नावाची हौस, दुसरं काय?”

मिस दोन पावलांवर होती. “हे खोटं आहे,” ती म्हणाली. “शिपायाला विचारा. मुलांच्या आईवडिलांना विचारा. उस्ता शफीक बाहेर उभे आहेत, त्यांना आत बोलवा.”

कुणी कुणाला विचारलं नाही. महिना उलटायच्या आत मिसची बदली सरोवरापलीकडच्या एका खेड्यात झाली. वाचनाच्या तासाला गणित आलं. पुढच्या वर्षी त्या दुकानात किल्ल्यांना तोटा राहिला नाही.

शफीकला खरं कळलं तेव्हा तो मुख्याध्यापकांच्या खोलीत आला. तोवर मी त्या कपाटात पोचले होते. “तुम्ही सांगितलंत म्हणून मी केलं!” तो ओरडत होता. “द्या ती मला. एका दिवसात सगळं खरवडून काढतो, होती तशी करून देतो.”

“होडीवर आता शाळेचा नंबर पडलाय, शफीक. सरकारी वस्तू आहे. हात लावलास तर तुझ्यावरच येईल,” मुख्याध्यापक शांतपणे म्हणाले. सोनं उतरवलं तर आतली नावं निघाली असती ना! मग शफीक रडला. एवढा मोठा माणूस, खुर्ची ओढून बसला आणि रडला. “पोर माझ्याशी बोलत नाही हो,” म्हणाला. त्याच्यासमोर चहा ठेवला गेला. तो न पिताच गेला.

जाण्याच्या दिवशी मिस मला भेटायला आली. खोलीत रगदही होती. मिसनं तिच्या हातात काहीतरी ठेवलं, कागद वाजला. “पुस्तक तू ठेव,” मिस म्हणाली. “होडी पाण्यात गेली की दोरा काप आणि सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखव. आधी नाही हं.” रगद म्हणाली, “आधी नाही.” मला वाटलं, आता हिला फार दिवस लागायचे नाहीत.

त्यानंतर या खोलीत किती मुख्याध्यापक आले आणि गेले. नशअत पाहुण्यांना सांगायचे, “ही आमच्या शाळेची परंपरा. माझीच कल्पना.” पुढच्यांना तेवढंही माहीत नव्हतं. शिपाई नव्या शिपायाला माझा नंबर दाखवतो, बस. दरवर्षी कपाटाची काच पुसली जाते, माझं पोट कुणी पुसत नाही. मखमलीला कसर लागली आहे. वर्गांतून ‘चला, हात बाहेर काढा’ असं मी पुन्हा कधी ऐकलं नाही. गोष्टीची पुस्तकं आता वाचतात म्हणे, पण त्यावर प्रश्न लिहून काढतात. आणि प्रकल्प असला की दुकानदाराची चंगळ.

गेल्या आठवड्यात दुपारी शाळेचा प्रकल्प द्यायला खोलीत एक बाई आल्या. बरोबर त्यांची मुलगी होती. मुख्याध्यापक बाहेर गेले होते, म्हणून दोघींना थांबायला सांगितलं. हातात प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं, सारखी चुरचुर येत होती.

“आई, मी घरी केलं असतं ना,” मुलगी कुरकुरत होती. “आपल्याकडे एवढं लाकूड पडलंय. आजोबांनी रंधा पण दिला असता.”

“घरी केलं की प्रश्न विचारतात, तालिया. विकतचं असलं की कुणी काही विचारत नाही.”

आवाज जाड झाला होता, पण मी ओळखला. माझ्या नाकापाशी ज्या आवाजात ‘तुझ्यावरच’ म्हटलं गेलं होतं, तोच होता तो. रगद होती. हातात थर्माकोलचा किल्ला घेऊन आली होती माझी रगद.

पोरगी गप्प बसणारी नव्हती. कपाटापाशी आली, तिचा श्वास काचेवर आला. “आई, ही होडी कसली सोन्याची! ए, तुझ्या कपाटातलं ते दोऱ्यानं शिवलेलं पुस्तक, त्यातली होडी ती हीच का? तू सांगतेस ती?”

रगदची पावलं कपाटापाशी आली. मग म्हणाली, “हो.”

“पण तू तर म्हणतेस, तिला डोळे होते.”

“आहेत. सोन्याखाली.”

“मग खरवड ना! नखानं पण निघेल. दार उघडंच आहे, बघ.”

दार खरंच उघडं होतं, मित्रांनो. शिपाई ग्लास काढून गेला होता, त्यानं लावलंच नव्हतं. बिजागरी कुरकुरली. वारा आत आला, नदीचा वास आला. एक लहान बोट माझ्या नाकावर टेकलं, बरोबर डाव्या डोळ्याच्या जागी. नख फिरलं. वर्खाचा एक कपचा उडाला. इतक्या वर्षांनी मला उजेडाची एक फट दिसली, आणि त्या फटीत निळ्याशार नदीचा एक तुकडा.

“तालिया!” रगद ओरडली. “हात लावू नकोस! सरकारी वस्तू आहे ती!”

बोट मागे गेलं. दार लागलं. रगदनं ते स्वतःच्या हातानं लावलं, आणि खिटीही सरकवली.

मित्रांनो, तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. तुम्हाला कुणी गोष्ट सांगितली तर ती हातानं करून बघा. वाकडी होऊ द्या, फुगीर होऊ द्या, करपू द्या. कुणी तिच्यावर सोनं चढवायला आलं तर नको म्हणा, मग ते तुमचे बाबा का असेनात. आणि तुमच्यापैकी कुणी कधी मोठं होऊन या खोलीत आलंच, तर मला बघून ‘वा’ म्हणू नका. आधी खालचे स्क्रू काढा. भोकं मेणानं बुजवा, ते काम पाचवीच्या मुलांना येतं. नवाराचे आजोबा सापडले की नाही ते मला अजून ठाऊक नाही.

रगदलाही नाही. तालियानं जाता जाता विचारलं होतं, “आई, मग तो दोरा कधी कापायचा?” त्यावर रगदनं काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. प्लॅस्टिकचा कागद फार चुरचुरत होता.